कर्नाटकातील सक्तीचा उपदान विमा : लहान मालक व विमा प्रतिनिधींसाठी माहिती

दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांच्या मालकांनी उपदानाच्या, म्हणजेच ग्रॅच्युइटीच्या, देण्यासाठी विमा उतरवणे कर्नाटक सरकारने बंधनकारक केले आहे. ‘कर्नाटक सक्तीचा उपदान विमा नियम, २०२४’ हे नियम १० जानेवारी २०२४ रोजी अधिसूचित झाले. म्हैसूरच्या विजयनगर भागातील दवाखाने, खासगी शाळा व दुकाने यांच्याप्रमाणेच बेळगाव, निपाणी येथील मराठी भाषक उद्योजकही या नियमांच्या कक्षेत येतात.

उपदान प्रदान अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण करणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन देण्याची तरतूद त्यात होती. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट नव्हती. मासिक वेतन १५ हजार रुपये आणि सेवा दहा वर्षांची असल्यास ही रक्कम सुमारे ८६ हजार ५०० रुपये होते.

मात्र लहान व्यवसायात या रकमेची तजवीज बहुधा आधी केलेली नसते. व्यवसाय बंद पडल्यास कर्मचाऱ्याचा हक्क कागदावरच राहण्याची भीती असते. यावर उपाय म्हणून १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ४-अ समाविष्ट करण्यात आले. त्याची अंमलबजावणी राज्यांच्या अधिसूचनेवर सोपवण्यात आली होती. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये असे नियम केले होते.

कर्नाटकातील विद्यमान मालकांना विमा घेण्यासाठी ६० दिवसांची, तर नव्या मालकांना ३० दिवसांची मुदत देण्यात आली. विमा आयुर्विमा महामंडळाकडून किंवा अन्य विमा कंपनीकडून घेता येतो. पाचशे किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना मान्यताप्राप्त उपदान निधीचा पर्याय आहे. लहान मालकांना नव्याने निधी स्थापून ही सूट मिळत नाही. त्यांच्यावर हप्त्याचा भार दरवर्षी येतो. परंतु एकदम मोठी रक्कम उभी करण्याची वेळ टळते.

हप्ता थकला तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. देय उपदान व्याजासह नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे भरण्याची तरतूद कलम ४-अ मध्ये होती.

या नियमांमुळे विमा प्रतिनिधींपुढे नवे कार्यक्षेत्र खुले झाले आहे. तथापि, व्यक्तिगत प्रतिनिधी एकाच आयुर्विमा कंपनीचे काम करू शकतो. अनेक कंपन्यांच्या योजनांची तुलना हवी असल्यास मालकाने परवानाधारक विमा दलालाकडे जावे. आपल्या कमिशनमधील वाटा ग्राहकाला देऊ करणे विमा कायद्यानुसार निषिद्ध आहे.

दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७२ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यांना संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेनंतरही उपदान मिळू शकते. संहितेच्या कलम ५७ मध्ये सक्तीच्या विम्याची तरतूद कायम आहे. त्यामुळे मालकांनी आपल्या विमापत्रात अशा कर्मचाऱ्यांचाही समावेश असल्याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.