पाण्यातील फ्लोराइड : प्रमाण आणि संमती



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्या आपल्या गुरुजींनी आम्हांला विज्ञान शिकवले. मी पुढे मराठीचा अध्यापक झालो. रसायनशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही, याची मला जाणीव आहे. तरीही आज पाण्यातील फ्लोराइडच्या वादाचा इतिहास मी विषय म्हणून निवडला, त्याला कारण एक जुने ऋण आहे.

१९६३ साली मी आठवीत असताना नलगोंडा जिल्ह्यातून एक मराठी मुलगा आमच्या वर्गात आला. त्याचे वडील निजामी राजवटीपासून तिकडे सरकारी नोकरीत होते. शिक्षणासाठी त्याला येथे हैदराबादेत मामांकडे ठेवले होते. त्याच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग होते. आम्ही त्याला 'मिश्रीवाला' म्हणू लागलो. हे नाव ठेवणारा मीच होतो. तो बिचारा हिरड्यांतून रक्त येईपर्यंत राखुंडीने दात घाशी. गुरुजींच्या कानांवर हे गेले, तेव्हा त्यांनी मला वर्गात उभे केले आणि एवढेच म्हणाले, "अरे, हे डाग दातांवर नाहीत, दातांत आहेत. तू गंडीपेटचे पाणी प्यायलास, तो त्याच्या गावच्या विहिरीचे प्यायला. यात तुझे कर्तृत्व कोणते?"

१९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने जे जलाशय बांधले गेले, त्यांतला उस्मानसागर, म्हणजेच आपले गंडीपेट, १९२० मध्ये पुरा झाला. त्यात साठते ते पावसाचे आणि नदीचे पाणी. नलगोंड्याची खेडी मात्र ग्रॅनाइटच्या खडकात दीर्घकाळ मुरलेले पाणी उपसून पीत होती. त्या खडकातले फ्लोराइड पाण्यात उतरते आणि मुलांचे दात घडत असतानाच त्यांत शिरते. अंतर अवघे शंभर किलोमीटरचे. परंतु एका बाजूला राजधानी होती आणि दुसऱ्या बाजूला खेडे.

या डागांचा शोध जेथे लागला, ते स्थळ मात्र फार दूरचे आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला. तेथे जन्मलेल्या मुलांच्या दातांवर त्याला असेच तपकिरी डाग दिसले. डागाळलेल्या या दातांना कीड मात्र सहसा लागत नाही, हेही त्याच्या ध्यानात आले. कारण पाण्यात असावे असा त्याचा तर्क होता; पण पाण्यातील नेमके काय, हे कळायला तीस वर्षे लागली. १९३१ मध्ये अॅल्युमिनियम बनविणाऱ्या अल्कोआ कंपनीचे रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी फ्लोराइड हे त्याचे उत्तर शोधून काढले. त्यानंतर ट्रेंडली डीन यांनी गावोगावचे दात आणि गावोगावचे पाणी ताडून पाहिले. लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर किडीला आळा बसतो आणि डागही फारसे पडत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

येथवर प्रश्न निसर्गाने दिलेल्या पाण्याचा होता. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहराने आपल्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ केला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. हा जगातील पहिला प्रयोग. तो पंधरा वर्षे चालायचा होता आणि तुलनेसाठी शेजारचे मस्केगॉन शहर फ्लोराइडविना ठेवले होते. मात्र मस्केगॉनच्या नागरिकांना धीर धरवेना. १९५१ मध्ये त्यांनीही फ्लोराइड सुरू करून घेतले. ग्रँड रॅपिड्समध्ये प्रयोग सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये किडीचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले, असे पुढे जाहीर झाले.

विरोधही लगोलग उभा राहिला. १९५० मध्ये विस्कॉन्सिनमधील स्टीव्हन्स पॉइंट येथील मतदारांनी ही योजना मतपेटीतून फेटाळली. हा साम्यवाद्यांचा कट आहे, अशी हाकाटीही त्या काळात काही मंडळींनी केली, आणि तिच्या गोंगाटात शहाण्या माणसांचे प्रश्न बुडून गेले. ते प्रश्न साधेच होते. पाण्यात किती घालायचे हे ठरवता येते; परंतु कोण किती पाणी पितो, हे कोण ठरवणार? आणि सर्वांच्या पाण्यात औषध घालायचे, तर ज्याला ते नको असेल त्याने काय करावे? समर्थकांनी विरोध करणाऱ्या सगळ्यांनाच अडाणी ठरवले. विरोधकांनी समर्थकांना विषप्रयोग करणारे म्हटले.

न्यायालयांनी मात्र हे प्रश्न वेगळे करून पाहिले. नेदरलँड्समध्ये टील शहरात १९५३ पासून फ्लोराइड दिले जात होते; १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने यास कायद्याचा आधार नाही, असा निर्णय दिला. १९८३ मध्ये स्कॉटलंडचे न्यायमूर्ती लॉर्ड जॉन्सी यांनी एका प्रदीर्घ खटल्याचा निकाल दिला. फ्लोराइडने अपाय होतो हे सिद्ध झालेले नाही, असे त्यांनी म्हटले आणि तरीही ते पाण्यात घालण्याचा अधिकार त्या प्रादेशिक परिषदेला नाही, असे ठरवले. या निकालाची दोन्ही अंगे मला महत्त्वाची वाटतात. एखादी गोष्ट निर्धोक आहे म्हणून ती न विचारता करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही; आणि अधिकार नाही म्हणून ती गोष्ट विषही ठरत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. भारताने पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचे धोरण कधी स्वीकारले नाही. आपला प्रश्न नेमका उलटा होता. १९३७ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात या विकाराची नोंद केली, तेव्हा तेथे प्रश्न केवळ दातांचा नव्हता. पाठीचे कणे ताठरले होते. १९५५ मध्ये डॉ. सिद्दीकी यांचा नलगोंड्यावरील अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये आपल्याच शहरातील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी फ्लोराइडग्रस्त भागातील गुडघे आत वळलेल्या रुग्णांविषयी लिहिले. अमेरिकेत दातांवरून सभा गाजत होत्या, तेव्हा येथे हाडे वाकत होती.

उपाय शोधण्यात मराठी मुलुखाचाही वाटा आहे. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची जी रीत बसवली, ती 'नलगोंडा तंत्र' या नावाने पुढे आफ्रिकेपर्यंत पोहोचली. आपल्या आज्या तुरटी फिरवून पाणी निवळत असत. तिचेच हे शास्त्रशुद्ध, मोजून-मापून केलेले रूप. परंतु रोज माप घ्यायचे, ढवळायचे, खाली बसलेला गाळ टाकायचा, हे कष्टाने थकलेल्या घरांत किती दिवस टिकणार? लोकांना हवे होते नदीचे पाणी. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत नलगोंडा मतदारसंघातून ४८० उमेदवार उभे राहिले, ते या पाण्याच्या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठीच. मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका झाली. स्टीव्हन्स पॉइंटच्या मतदारांना 'हवे की नको' असे विचारण्यात आले होते. नलगोंड्याच्या मतदारांना कोणी काही विचारले नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच मतपत्रिका भरून टाकली. अलीकडे मिशन भगीरथ योजनेतून कृष्णेचे पाणी त्या गावांत पोहोचले आहे.

वाद अजून शमलेला नाही. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट सर्वत्र आल्यापासून पाण्यात ते मिसळण्याचा अधिकचा लाभ पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, असे २०२४ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यंक यांचा संबंध दिसतो, असे त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने म्हटले. तेथील नळांना येणाऱ्या ०.७ च्या पाण्याविषयी तसे म्हणण्याइतका पुरावा त्याला मिळाला नाही. २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी पाण्यात फ्लोराइड मिसळणे बंद केले, तर कॅनडातील कॅल्गरी शहराने २०११ मध्ये थांबवलेली योजना त्याच वर्षी मतदारांच्या कौलानुसार पुन्हा सुरू केली. ध्यानात घ्या, ज्या १.५ च्या पुढे अमेरिकेला धोका दिसला, तीच आपल्याकडील पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा आहे; आणि त्या निष्कर्षामागच्या अभ्यासांत भारतातील मुलांवरचे अभ्यासही आहेत.

भाषेचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक शब्द आठवतो: प्रमाण. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. स्वयंपाकघरात प्रमाण म्हणजे माप. एकाच शब्दात पुरावाही आहे आणि मात्राही. ऐंशी वर्षांच्या या वादात एका पक्षाने पुरावा हाती धरला आणि माणसागणिक बदलणारी मात्रा विसरला. दुसऱ्याने मात्रेचे भय धरले आणि पुरावा सोडला. या दोन्ही अर्थांच्या जोडीला संमती हवी, कारण पाणी ही टाळता येणारी वस्तू नव्हे.

माझ्या त्या वर्गमित्राचे थोरले बंधू गावीच राहिले. १९८४ मध्ये मी त्यांना भेटलो तेव्हा ते चाळिशीचे होते. मागून आलेल्या माझ्याकडे पाहण्यासाठी त्यांना सबंध अंग वळवावे लागले. मान वळत नव्हती. "या, या, मास्तर," असे म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी क्षणभर थबकलो. त्यांनी ते पाहिले आणि हसून म्हणाले, "घ्या हो, एका दिवसाने काही होत नाही." मी ते पाणी प्यालो. त्यांना मात्र त्या तांब्याशिवाय दुसरे पाणी नव्हते.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. माझे कर्तृत्व काहीच नव्हते. ते ऋण आज आपल्यासमोर बोलून दाखवता आले.