काठवटीत काठवट

काही वर्षांपूर्वी लाकूडकामातील तीन स्नेह्यांसमवेत दक्षिण इंग्लंडमधील एका खेड्यात भरलेला जुन्या हस्तव्यवसायांचा मेळा पाहण्याचा योग आला. मैदानात लोहार होता, टोपल्या विणणारे होते, पिंपे बांधणारा होता. आम्ही चौघे सुतार मात्र एकाच राहुटीपाशी अडकलो, ते दुपार टळेपर्यंत.

तेथे एक कातारी ओल्या लाकडाची वाटी कातीत होता. त्याच्या लेथाला ना वीज, ना चाक. डोक्यावर एक लवचीक वासा. वाशाला बांधलेली दोरी लाकडाभोवती एक वेढा घेऊन खालच्या पायपट्टीला आलेली. पट्टी दाबली की लाकूड कारागिराकडे फिरते आणि हत्यार कापते; पाय उचलला की वासा दोरी ओढून घेतो, लाकूड उलटे फिरते आणि तेवढा क्षण हत्यार मागे घ्यावे लागते. आमच्यातील एकाने हौसेने पाय लावून पाहिला. पाय दाबला की हात विसरे, हात टेकवला की पाय विसरे.

या ओबडधोबड यंत्राची वंशावळ मोठी आहे. यॉर्क शहरातील 'कॉपरगेट' या गल्लीचे नावच मुळी उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतील असून त्याचा अर्थ 'पेले करणाऱ्यांची आळी' असा होतो. १९७६ ते १९८१ या काळात तेथे झालेल्या उत्खननात कातलेली भांडी आणि कातताना उरलेले लाकडी गाभे मिळाले, तेव्हा त्या नावाची साक्ष पटली. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' या युद्धनौकेवरही खलाशांच्या लाकडी वाट्या व ताटल्या सापडल्या. पुढे कथलाच्या मिश्रधातूची, चिनी मातीची आणि मग मुलामा दिलेली पत्र्याची भांडी स्वस्त झाली, तशी लाकडी वाटी ताटापुढून उठली.

खुर्च्यांचे पाय कातणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. हाय विकम गावाभोवतीच्या टेकड्यांवर बीच वृक्षांची दाट राने आहेत. तेथील 'बॉजर' म्हणविणारे कारागीर उभी झाडे विकत घेत, रानातच खोपटे घालून पाय व आडदांड्या कातीत आणि गावातील कारखान्यांना घाऊक विकत. खोड गाडीवर घालून गावात नेण्यापेक्षा कातलेले पाय नेणे सोपे, हा त्यामागचा साधा व्यवहार! यंत्रे आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास तीही खोपटी ओस पडली. इंग्रजीत 'बॉज' म्हणजे आज ओढूनताणून केलेले काम. ज्यांचे पाय इतके नेमके बसत, त्यांच्या नावाशी असा शब्द जोडला जावा हे मला आजही खटकते.

त्या राहुटीतील कातारी वारंवार एकच नाव घेत होता: जॉर्ज लेली. १८६९ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ बर्कशायर परगण्यातील बकलबरीच्या माळावर एका झोपडीत काम करी. बाप आणि आजाही तेच करीत. एल्म लाकडाच्या एकाच ओंडक्यातून तो एकात एक बसणाऱ्या अनेक वाट्या काढी. वाकड्या आकडीसारख्या हत्याराने आतून कोरत जायचे आणि मधला गाभा फुकट न घालविता सोडवून घ्यायचा. तो गाभाच पुढची, लहान वाटी. प्रवासवर्णनकार एच. व्ही. मॉर्टन यांनी १९२७ च्या आपल्या पुस्तकात त्याची भेट वर्णिली आहे. ख्याती झाली, गिऱ्हाईक आले. शिष्य मात्र आला नाही. १९५८ साली लेली वारला आणि त्याचा लेथ व हत्यारे रेडिंग येथील ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात गेली.

वाचकहो, हत्यारे होती; हात नव्हते. रॉबिन वुड नावाच्या कारागिराने पुढे ती हत्यारे निरखून अभ्यासली. तशी हत्यारे बाजारात मिळेनात, म्हणून तो स्वतः लोहारकाम शिकला. ज्या गोष्टी लेलीने शेजारी उभे राहणाऱ्याला बोलता बोलता दाखविल्या असत्या, त्या वुडला लाकूड वाया घालवून शोधाव्या लागल्या. याच वुडचा पुढे ज्या संस्थेच्या उभारणीत हात होता, तिने २०१७ मध्ये ब्रिटनमधील संकटात सापडलेल्या हस्तव्यवसायांची यादी काढली. त्यात चार व्यवसाय नामशेष ठरविले होते. पैकी एक, हाताने क्रिकेटचा चेंडू शिवणे. आपल्या मेरठला ते काम आजही चालते, हे मी सांगितले तेव्हा राहुटीतील मंडळी हसली. पण फार वेळ नाही.

मग कातारी मला म्हणाला, "तुमच्या घरी कोणते काम चाले?" माझे वडील वसईतील वाड्यांमधले रहाट बांधीत. बैल फिरे तसे आडवे दातेरी चाक फिरे, ते उभ्या चाकाला फिरवी आणि लोट्यांची माळ विहिरीतून पाणी घेऊन वर येई. विजेचे पंप आले आणि वडील चर्चची बाके, दारे-खिडक्या करू लागले. रहाटगाडगे बोलण्यात तेवढे उरले. कातारी उत्साहाने विचारू लागला: एका चाकाला दात किती? कोणत्या लाकडाचे? सरळ ठोकीत की तिरके? यांपैकी फक्त लाकूड मला ठाऊक होते: बाभूळ. वडिलांची वाकस, पटाश्या, गिरमिट, खतावणी सारे माझ्या घरी आहे. प्रश्न विचारायला मात्र ते असताना मला सवड झाली नव्हती.

परतल्यावर आम्ही चौघे एका ओळखीच्या वाडीत गेलो. बुजलेल्या विहिरीमागे, केळींच्या आडोशाला, एक आडवे चाक पडले होते. पाव भाग वाळवीने खाल्लेला. उरलेल्या पाऊण भागावर सत्तावीस भोके मोजली. म्हणजे सगळी छत्तीस. कागदावर वर्तुळ काढून अंतरे टिपली. दात सरळ की तिरके हे काही ठरेना. इतक्या पावसाळ्यांनी भोकांच्या कडा झिजून गेल्या होत्या. वाडीच्या मालकीणबाईंनी चहा दिला आणि विचारले, "कोणाच्या हातचं म्हणायचं हे?" चाकाच्या आतल्या बाजूस पटाशीने कोरलेली तीन रेघांची खूण होती. तशीच खूण आमच्या देव्हाऱ्याच्या पाठीवर आहे.