खो-खोतील अडथळा

खो-खोतील अडथळा : पाटीवर बसलेल्या आक्रमकामुळे पळणाऱ्या संरक्षकाची वाट अडण्याचा प्रकार व त्यावरील पंचनिर्णय. आक्रमकांनी संरक्षकांना अडथळा होणार नाही असे बसावे आणि अशा अडथळ्यामुळे संरक्षक सापडल्यास त्याला बाद ठरवू नये, असा नियम आहे. गडी अडथळ्यामुळे सापडला की एरवीही सापडलाच असता, हे मात्र पंचाला क्षणार्धात ठरवावे लागते.

मैदान 27 × 16 मी. असते. दोन खुंटांमधल्या पाटीवर 8 आक्रमक एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो. संरक्षक तिघातिघांच्या तुकडीने उतरतात. वाद बहुधा साखळीच्या खेळात होतो, कारण तेव्हा पळणारा बसलेल्यांच्या अगदी पाठीला लागून वळणे घेतो. बसलेला गडीही खो मिळताच सुटण्याच्या तयारीत असतो : टाच उचललेली, बोटे जमिनीला टेकलेली, एक गुडघा पुढे. हा गुडघा चौकाबाहेर सरकला किंवा कोपर फाकले, की पळणाऱ्याची पावले चुकतात. पंचाची नजर पाठलाग करणाऱ्याच्या हातावर खिळलेली असते. अडथळा घडतो तो जमिनीलगत.

दोन्ही पंच मैदानाबाहेर समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाने आपल्या अर्ध्या भागातले निर्णय द्यायचे आणि दुसऱ्याला साहाय्य करायचे. बसलेला गडी नेमका दोन भागांच्या सीमेवर असतो. त्यामुळे त्याचे कोपर कित्येकदा पलीकडच्या पंचालाच नीट दिसते, आणि हे साहाय्य निर्णायक ठरते. मतभेद झाल्यास सरपंचाचा शब्द अखेरचा.

अडथळा मान्य करण्यासाठी हेतू सिद्ध व्हावा लागत नाही. जाणूनबुजून खेळात व्यत्यय आणणाऱ्यावर सरपंच वेगळी कारवाई करू शकतो. उलट बाजूने, बसलेल्या आक्रमकाला स्पर्श करणे हा संरक्षकाचा दोष आहे. त्यामुळे एकाच धडकेचे दोन अर्थ निघू शकतात. कोण कोणाच्या जागेत शिरला, हाच येथे खरा निकष होय.

बेसबॉलमध्येही असाच पेच पडतो. 2013 च्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात तिसऱ्या बेसजवळ आडवा पडलेल्या विल मिडलब्रुक्सला अडखळून अ‍ॅलन क्रेग पडला. पंच जिम जॉइस यांनी अडथळा दिला आणि सेंट लुईस कार्डिनल्सने बोस्टन रेड सॉक्सवर 5-4 असा विजय मिळवला. तेथेही हेतूचा प्रश्न गौण होता.

खो-खोचे नियम आखण्याचा आरंभ 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात झाला. पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत झाली. पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत विजयी ठरला.