युवा कार्याचे व्यावसायिक प्रशिक्षण (इंग्लंड)

इंग्लंडमधील युवा कार्याचे व्यावसायिक प्रशिक्षण म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसोबत आणि तरुणांसोबत शाळेच्या चौकटीबाहेर अनौपचारिक शिक्षणाचे काम करणाऱ्या व्यक्तींसाठीचे मान्यताप्राप्त शिक्षण होय. या कामाला इंग्लंडमध्ये 'युथ वर्क' आणि ते करणाऱ्या व्यक्तीला 'युथ वर्कर' असे म्हणतात. १९६० मधील अल्बमार्ल अहवालानंतर या प्रशिक्षणाला शासकीय पाठबळ आणि निश्चित वेतनश्रेणी मिळाली. २०१० पासून पूर्ण व्यावसायिक दर्जासाठी ऑनर्स पदवी आवश्यक आहे. तथापि, 'युथ वर्कर' हे पदनाम इंग्लंडमध्ये कायद्याने संरक्षित नाही. त्यामुळे अभ्यासक्रम उत्तरोत्तर सखोल होत गेला, पण त्याच्या आधारे मिळणाऱ्या नोकऱ्या शासनाच्या आर्थिक धोरणावर अवलंबून राहिल्या.

संज्ञा व स्वरूप

मराठीत 'कार्यकर्ता' हा शब्द बहुधा विनामोबदला काम करणाऱ्या, एखाद्या चळवळीशी किंवा पक्षाशी जोडलेल्या व्यक्तीसाठी वापरला जातो. इंग्लंडमधील युवा कार्यकर्ता हा मात्र शिक्षक किंवा समाजकार्यकर्त्याप्रमाणे प्रशिक्षित, वेतन घेणारा व्यावसायिक असू शकतो. त्याच्यासोबत स्वयंसेवकही मोठ्या संख्येने काम करतात.

युवा कार्य प्रामुख्याने ११ ते २५ या वयोगटासाठी असते. युवा मंडळे, सामुदायिक केंद्रे, शाळा, रुग्णालये, वसतिगृहे, तसेच रस्ते, उद्याने व बाजारपेठा ही त्याची ठिकाणे होत. शिक्षणाच्या आणि कल्याणाच्या इतर सेवांपेक्षा ते एका बाबतीत वेगळे आहे: तरुणाचा सहभाग ऐच्छिक असतो. विद्यार्थ्याला शाळेत यावेच लागते आणि न्यायालयाने पाठवलेल्या मुलाला परिवीक्षा अधिकाऱ्यापुढे हजर राहावे लागते. युवा मंडळात आलेला मुलगा मात्र केव्हाही उठून जाऊ शकतो. म्हणून कार्यकर्त्याला अधिकाराच्या बळावर नव्हे, तर विश्वासाच्या बळावर काम करावे लागते. प्रशिक्षणाची रचना मुख्यतः या एका गोष्टीभोवती झालेली आहे.

इतिहास

आरंभ

युवा कार्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील धार्मिक व परोपकारी संस्थांमध्ये आहेत. जॉर्ज विल्यम्स यांनी १८४४ मध्ये लंडन येथे वायएमसीएची स्थापना केली. विल्यम स्मिथ यांनी १८८३ मध्ये ग्लासगो येथे बॉईज ब्रिगेड सुरू केली. श्रमिक मुलींसाठी मंडळे चालवणाऱ्या मॉड स्टॅन्ली यांनी या कामावर १८९० मध्ये पुस्तक लिहिले. या काळात कार्यकर्त्याचे शील व निष्ठा यांना महत्त्व होते. स्वतंत्र प्रशिक्षण आवश्यक आहे, असे सहसा मानले जात नसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, शिक्षण मंडळाने परिपत्रक क्र. १४८६ काढून तरुणांच्या कल्याणाची जबाबदारी शिक्षणव्यवस्थेच्या कक्षेत आणली. १९४४ च्या मॅकनेअर अहवालात शिक्षकांच्या बरोबरीने युवा नेत्यांच्या प्रशिक्षणाचाही विचार झाला. अहवालाच्या शीर्षकातच या दोन्ही व्यवसायांचा उल्लेख होता. युद्धोत्तर आर्थिक ओढाताणीत युवा नेत्यांविषयीच्या शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या. त्याच सुमारास, १९४६ मध्ये, जोसेफिन मॅकॅलिस्टर ब्रू यांचे 'इन्फॉर्मल एज्युकेशन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि 'अनौपचारिक शिक्षण' या संकल्पनेला या क्षेत्रात स्थान मिळाले.

अल्बमार्ल अहवाल व लेस्टर येथील महाविद्यालय

१९५० च्या दशकाच्या अखेरीस परिस्थिती पालटली. युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी किशोरवयात येत होती, सक्तीची लष्करी सेवा संपुष्टात येणार होती आणि बालगुन्हेगारीविषयी सार्वजनिक चिंता वाढली होती. ऑगस्ट १९५८ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात वांशिक दंगली झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शासनाने काउंटेस ऑफ अल्बमार्ल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समीक्षक रिचर्ड हॉगार्ट हे तिचे एक सदस्य होते.

फेब्रुवारी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात पूर्णवेळ युवा नेत्यांची संख्या सुमारे ७०० वरून १९६६ पर्यंत १,३०० करण्याची शिफारस होती. नेहमीच्या मार्गाने इतके कार्यकर्ते वेळेत तयार होणे शक्य नव्हते. त्यामुळे १९६१ मध्ये लेस्टर येथे युवा नेत्यांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय महाविद्यालय सुरू करण्यात आले. तेथील अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. त्याच वर्षी वेतन व सेवाशर्ती ठरवण्यासाठी मालक व कर्मचारी संघटनांची संयुक्त वाटाघाटी समिती अस्तित्वात आली. ही समिती 'जेएनसी' या संक्षेपाने ओळखली जाते. कोणती पात्रता व्यावसायिक मानायची, हा प्रश्न तेव्हापासून वेतनश्रेणीशी जोडला गेला.

तातडीची योजना म्हणून सुरू झालेले लेस्टरचे महाविद्यालय १९७० मध्ये बंद झाले. त्यानंतर इतर शिक्षणसंस्थांमधील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांनी त्याची जागा घेतली.

पदविका ते पदवी

१९६९ च्या मिल्सन-फेअरबेर्न अहवालाने युवा कार्याला समुदायकार्याची जोड दिली. अनेक अभ्यासक्रमांच्या नावात 'युवा व समुदाय' हे शब्द तेव्हापासून आढळतात. दीर्घकाळ पात्र शिक्षकाला आपोआप पात्र युवा कार्यकर्ता मानले जात असे. ही सवलत १९८८ नंतर पात्र झालेल्या शिक्षकांना मिळाली नाही. वर्गात शिकवण्याचे कौशल्य आणि ऐच्छिक संबंधांतून शिकवण्याचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही भूमिका त्यामुळे अधिकृत झाली.

१९९१ मध्ये राष्ट्रीय युवा संस्था (नॅशनल युथ एजन्सी) स्थापन झाली. तिचे कार्यालय लेस्टर येथेच आहे. अभ्यासक्रमांचे व्यावसायिक मूल्यमापन करून त्यांना मान्यता देण्याचे काम ही संस्था करते आणि जेएनसी त्या मान्यतेला दुजोरा देते. पूर्वी उच्च शिक्षणातील दोन वर्षांची पदविका व्यावसायिक दर्जासाठी पुरेशी होती. २०१० पासून नव्याने पात्र होणाऱ्यांसाठी ऑनर्स पदवी ही किमान अट झाली.

पात्रतेचे स्तर

स्तर २: युवा कार्याचा प्राथमिक परिचय. स्वयंसेवक व अर्धवेळ साहाय्यक यांच्यासाठी. प्रशिक्षणार्थी सहसा एखाद्या मंडळात काम करत असतानाच हा अभ्यासक्रम पूर्ण करतात.

स्तर ३: युवा साहाय्यक कार्यकर्ता या पदासाठीचे प्रमाणपत्र किंवा पदविका. हा दर्जा शिकाऊ उमेदवारीच्या मार्गानेही मिळवता येतो.

स्तर ६: ऑनर्स पदवी. हिच्यामुळे जेएनसीमान्य व्यावसायिक दर्जा प्राप्त होतो. पदवीसह शिकाऊ उमेदवारीचा मार्गही उपलब्ध आहे. त्यात उमेदवार नोकरीत राहून, वेतन घेत पदवी पूर्ण करतो.

स्तर ७: पदव्युत्तर पदविका किंवा एम.ए. अन्य विषयातील पदवीधरांना या मार्गाने व्यवसायात येता येते.

पहिल्या दोन स्तरांवरील कार्यकर्ता सहसा अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली काम करतो. व्यावसायिक दर्जाच्या कार्यकर्त्याकडून प्रकल्पाची आखणी, निधी, कर्मचाऱ्यांचे मार्गदर्शन आणि जोखमीचे निर्णय यांची जबाबदारी अपेक्षित असते. बहुतेक प्रशिक्षणार्थी आधी स्वयंसेवक किंवा स्वतःच एखाद्या युवा मंडळाचे सदस्य असतात. म्हणून प्रवेश देताना परीक्षेतील गुणांइतकेच प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला महत्त्व दिले जाते. अल्पवयीनांशी संबंध येत असल्याने गुन्हेगारी पार्श्वभूमीची अधिकृत पडताळणीही करावी लागते.

अभ्यासक्रम

पदवी अभ्यासक्रमात किशोरवयाचे मानसशास्त्र व समाजशास्त्र, अनौपचारिक शिक्षणाचे सिद्धांत, गटकार्य, समता व भेदभावविरोधी व्यवहार, युवाविषयक धोरण व कायदा, बालसंरक्षण, संशोधनपद्धती आणि व्यवस्थापन या विषयांचा समावेश असतो. डेव्हिड कोल्ब यांची अनुभवाधारित शिक्षणाची मांडणी, डोनाल्ड शॉन यांची 'चिंतनशील व्यावसायिक' ही संकल्पना आणि ब्राझिलियन शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांचे संवादाधिष्ठित शिक्षणाविषयीचे विचार हे या अभ्यासाचे नेहमीचे आधार आहेत.

गोपनीयता आणि बालसंरक्षण यांतील ताण हा अभ्यासक्रमातील एक कळीचा विषय आहे. एखादी मुलगी कार्यकर्त्यावर विश्वास ठेवून घरातील मारहाणीविषयी सांगते, तेव्हा ते गुपित राखण्याचे वचन देता येत नाही, कारण तिच्या सुरक्षिततेसाठी ती माहिती संबंधित यंत्रणेला कळवावी लागते. हे तिला कोणत्या क्षणी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, यावर पुढील संबंध अवलंबून असतो. मैत्रीपूर्ण वागणे आणि मित्र होणे यांतील सीमारेषा, समाजमाध्यमांवरील संपर्क, तसेच पोलिसांशी सहकार्याची मर्यादा हे प्रश्नही याच प्रकारचे आहेत. प्रशिक्षणार्थी त्यांवर गटचर्चा व भूमिकाभिनय करतात.

क्षेत्रकार्य व पर्यवेक्षण

क्षेत्रकार्य हा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग असून त्यात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला केवळ लेखी परीक्षेच्या बळावर व्यावसायिक दर्जा मिळत नाही. विद्यार्थ्याला भिन्न स्वरूपाच्या ठिकाणी काम करण्याची संधी दिली जाते. युवा मंडळात तरुण कार्यकर्त्याकडे येतात, तर रस्त्यावरील युवा कार्यात कार्यकर्ता त्यांच्याकडे जातो. दुसऱ्या प्रकारात जागा तरुणांची असते, त्यामुळे ओळख करून घेण्यापासून निघून जाण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट त्यांच्या संमतीने करावी लागते.

कोणत्याही मंडळात न येणाऱ्या तरुणांसोबतच्या या कामाची पद्धत १९६० च्या दशकातील प्रयोगांतून विकसित झाली. मेरी मॉर्स यांचे 'द अनअटॅच्ड' (१९६५) आणि जॉर्ज गोएटशियस व जोन टॅश यांचे 'वर्किंग विथ अनअटॅच्ड युथ' (१९६७) ही पुस्तके या प्रयोगांची नोंद देतात.

टॅश यांचेच 'सुपरव्हिजन इन युथ वर्क' (१९६७) हे पुस्तक पर्यवेक्षणाच्या परंपरेसाठी महत्त्वाचे ठरले. येथे पर्यवेक्षण म्हणजे वरिष्ठाने केलेली तपासणी नव्हे. विद्यार्थी प्रत्येक सत्रानंतर काय घडले, आपण काय केले आणि तसे का केले, याची नोंद लिहितो. त्यानंतर तो पर्यवेक्षकासोबत ती नोंद तपासून पाहतो. एखाद्या सायंकाळी दोन गटांत भांडण झाले आणि कार्यकर्त्याने एका मुलाला बाहेर जाण्यास सांगितले, तर तो निर्णय सुरक्षिततेसाठी होता की स्वतःच्या भीतीमुळे, हा प्रश्न अशा बैठकीत विचारला जातो. ऐच्छिक संबंधांत चुकीची किंमत लगेच दिसत नाही. दुखावलेला तरुण तक्रार करत नाही, तो येणेच थांबवतो. आपल्या वागण्याकडे त्रयस्थपणे पाहण्याची सवय म्हणूनच कौशल्याइतकी आवश्यक मानली जाते.

कायदेशीर स्थिती व रोजगार

कायद्यानुसार स्थानिक प्राधिकरणांनी १३ ते १९ वयोगटातील तरुणांसाठी पुरेशा शैक्षणिक व मनोरंजनात्मक उपक्रमांची व्यवस्था करणे अपेक्षित आहे. ही तरतूद २००६ च्या कायद्याद्वारे १९९६ च्या शिक्षण कायद्यात समाविष्ट झाली. मात्र हे कर्तव्य 'व्यवहार्य असेल तेथवर' अशा शब्दांनी मर्यादित केलेले आहे. शाळा चालवणे टाळता येत नाही, पण युवा मंडळ बंद करता येते. २०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणात स्थानिक प्राधिकरणांच्या युवा सेवांवरील खर्चात मोठी घट झाली आणि अनेक केंद्रे बंद पडली. पदवी अनिवार्य होण्याचा आणि पदवीधरांना सामावून घेणारी पदे कमी होण्याचा काळ असा एकच ठरला. त्यानंतर स्वयंसेवी संस्थांमधील, बहुधा ठरावीक मुदतीच्या अनुदानावर चालणाऱ्या पदांचे महत्त्व वाढले.

युवाविषयक धोरण २०१३ मध्ये शिक्षण विभागाकडून मंत्रिमंडळ कार्यालयाकडे आणि २०१६ मध्ये सांस्कृतिक विभागाकडे गेले. युवा कार्य ही शिक्षणाची शाखा आहे, असे मानणाऱ्यांनी या बदलावर आक्षेप घेतला.

वेल्समधील व्यवस्था अधिक बंधनकारक आहे. तेथे एप्रिल २०१७ पासून पात्र युवा कार्यकर्त्यांना शिक्षकांप्रमाणेच शिक्षण कार्यबल परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

वाद व टीका

व्यावसायिकीकरणाबाबत या क्षेत्रातच मतभेद आहेत. पदवीमुळे व्यवसायाची प्रतिष्ठा व सेवेची गुणवत्ता वाढते आणि तरुणांना असुरक्षित हाताळणीपासून संरक्षण मिळते, असे समर्थकांचे म्हणणे आहे. शिक्षणशुल्क व कालावधी यांमुळे वस्तीतूनच पुढे आलेले अनुभवी कार्यकर्ते मागे पडतात, असे टीकाकार म्हणतात. शिकाऊ उमेदवारीचे मार्ग काही अंशी ही अडचण दूर करू शकतात.

दुसरा वाद कामाच्या मोजमापाविषयी आहे. २००२ नंतर शासनाने युवा सेवांना संख्यात्मक उद्दिष्टे घालून दिली. तरुणांनी मिळवलेली प्रमाणपत्रे हा त्यांतील एक निकष होता. संबंध जुळण्यास लागणारा वेळ अशा मोजणीत धरला जात नाही, अशी हरकत घेण्यात आली. २००९ मध्ये 'इन डिफेन्स ऑफ युथ वर्क' ही मोहीम याच भूमिकेतून सुरू झाली.

राष्ट्रकुल व भारत

राष्ट्रकुल युवा कार्यक्रमाने १९७० च्या दशकापासून सदस्य देशांत युवा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला चालना दिली. त्याचे आशिया केंद्र चंदीगड येथे होते. या कार्यक्रमाच्या सहकार्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने युवा विकास कार्याची पदविका दूरशिक्षणाद्वारे उपलब्ध करून दिली होती.

भारतात १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आणि १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रे सुरू झाली. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथील राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्थेला २०१२ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तेथे युवा विकासाशी संबंधित पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. मात्र जेएनसीसारखी पात्रता आणि वेतनश्रेणी यांना जोडणारी व्यवस्था भारतात नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी हा मुख्यतः महाविद्यालयीन अध्यापक असतो. महाराष्ट्रात या क्षेत्रात येऊ इच्छिणारे विद्यार्थी सामान्यतः समाजकार्याची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतात. क्षेत्रकार्य, नोंदलेखन आणि पर्यवेक्षण ही त्रयी त्या अभ्यासक्रमांतही आढळते.