आचारसंहिता (मुक्त सॉफ्टवेअर)

मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत काम करणाऱ्यांनी परस्परांशी कसे वागावे, याविषयी त्या त्या समुदायाने लिखित स्वरूपात स्वीकारलेल्या नियमांना आचारसंहिता म्हणतात. टीका कामावर करावी, व्यक्तीवर नव्हे, हा त्यांचा गाभा होय.

डेबियन समुदायाने २०१४ मध्ये मतदानाने अशी संहिता स्वीकारली. लिनक्स कर्नेलमध्ये ती २०१८ मध्ये आली. त्याच सुमारास लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर भाषेबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. कोरालाइन एडा एम्के यांचा ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट’ (२०१४) हा मसुदा अनेक प्रकल्पांनी जवळजवळ जसाच्या तसा घेतला. त्यात वंश, धर्म, अपंगत्व यांचा उल्लेख होता, जातीचा मात्र नव्हता. तो २०२१ मधील २.१ या आवृत्तीत आला. आडनावावरून जात ताडण्याची सवय असलेल्या समाजातील सहभागींच्या दृष्टीने हा विलंब लहान नव्हे.

मराठीत आदराचा प्रश्न भाषांतरापासूनच सुरू होतो. ‘जतन कर’ की ‘जतन करा’, यांपैकी आदरार्थी रूपच रूढ झाले. क्रियापद लिंगानुसार बदलत असल्याने स्त्री सदस्यांना पुल्लिंगी संदेश दिसण्याचा धोका असतो. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीत सदस्याच्या पसंतीनुसार रूप बदलण्याची सोय आहे.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात नोव्हेंबर २०११ मध्ये भरलेल्या फेडोरा परिषदेसारखे मेळावे होत असले, तरी प्रकल्पांचे दैनंदिन काम बहुतांशी लेखी इंग्रजीतच चालते. त्यामुळे भोर वा राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या नवागताला, सदोष इंग्रजीवरून कोणाची थट्टा करू नये, हाच नियम सर्वांत आधी उपयोगी पडतो.