अभ्यासिकेसाठी टॅब घेताना : त्याला काय जोडता येते आणि कोणते संकेतस्थळ चालते?

जयंतीच्या वर्गणीतून डीजेवरचा खर्च कमी करून अभ्यासिकेला एक-दोन टॅब द्यावेत, असा विषय आता अनेक मंडळांच्या बैठकीत निघतो. विचार चांगलाच आहे. पण दुकानात गेल्यावर चर्चा होते ती कॅमेरा, रॅम आणि ऑफरची. टॅब विहारात येतो, त्यावर भाषणे ऐकली जातात, व्हिडिओ पाहिले जातात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची वेळ आली की मुले पुन्हा सायबर कॅफेत उभी राहतात.

गेल्या वर्षी एका अभ्यासिकेत आम्ही हेच पाहिले. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. टॅबवर पान उघडले, माहिती भरून झाली, पण दाखला जोडण्याची खिडकी उघडेना. स्कॅन केलेला दाखला पेनड्राइव्हमध्ये होता आणि पेनड्राइव्ह लावायला जोडणी नव्हती. शेवटी मुलगा गावातून कोल्हापूरला आला आणि रात्री उशिरा अर्ज गेला. टॅब नवा होता, इंटरनेट चालू होते, तरी काम अडले. म्हणून समाजाच्या पैशातून टॅब घेताना आधी दोन प्रश्न विचारावेत, असे आमचे मत आहे : याला काय काय जोडता येते? आणि आपल्याला लागणारी संकेतस्थळे यावर पूर्ण चालतात का?

जुना धडा

हे प्रश्न नवे नाहीत. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा स्वस्त टॅब आणला. त्याला यूएसबीच्या दोन जोडण्या होत्या, म्हणजे पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड लावण्याची सोय होती. पण ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि दाब देऊन चालणारा पडदा यांमुळे साधे संकेतस्थळ उघडतानाही तो दमत असे. पुढची 'आकाश २' आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये आली. त्या टप्प्यात आयआयटी मुंबईचा मोठा सहभाग होता आणि यंत्रही बरेच सुधारले होते.

त्याच काळातल्या आयपॅडची गोष्ट नेमकी उलटी. ब्राउझर वेगवान, पण पेनड्राइव्ह लावायची सोय नाही आणि त्या वेळी अनेक संकेतस्थळे ज्यावर चालत ते 'फ्लॅश'ही नाही. पुढे फ्लॅशच ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. मायक्रोसॉफ्टच्या २०१२ च्या 'सरफेस आरटी'ला यूएसबी होते, विंडोजसारखा पडदाही होता, पण नेहमीचे विंडोजचे सॉफ्टवेअर त्यावर बसत नव्हते. एक बाजू भक्कम आणि दुसरी लंगडी असली की टॅब कपाटात जातो, एवढे यातून लक्षात ठेवावे.

अँड्रॉइड टॅब

अभ्यासिकेच्या बजेटमध्ये बसणारे बहुतेक टॅब याच गटातले. ओटीजी केबल किंवा टाइप-सी हब लावले की पेनड्राइव्ह, कीबोर्ड, माउस चालतात. अनेक स्वस्त मॉडेलना मेमरी कार्डची जागा आणि हेडफोनची गोल पिन असते. सॅमसंगच्या गॅलक्सी टॅब ए९ प्लसला या दोन्ही गोष्टी आहेत. महागड्या मॉडेलमध्ये त्या असतीलच असे नाही. शाओमी पॅड ६ ला मेमरी कार्डही बसत नाही आणि हेडफोनची पिनही नाही. एका टॅबवर चार जण आळीपाळीने अभ्यास करणार असतील, तर साधा वायरचा हेडफोन लागणे ही छोटी गोष्ट नाही.

पेनाचे मात्र नीट पाहावे. गॅलक्सी टॅब एस६ लाइटसोबत एस-पेन येते आणि त्याला चार्जिंग लागत नाही. टॅब ए९ प्लसवर तेच पेन चालत नाही. कंपनी एकच, दिसायला टॅब सारखाच, म्हणून पेन चालेल असे धरून चालू नये.

दुसरी फसगत प्रोजेक्टरची. टाइप-सी पिन दिसली की एचडीएमआय केबलने प्रोजेक्टर जोडता येईल असे वाटते. पण स्वस्त टॅबची टाइप-सी बहुधा यूएसबी २.० असते; त्यातून चार्जिंग आणि फाइल जातात, चित्र जात नाही. विहारात माहितीपट दाखवायचा असेल तर 'व्हिडिओ आउटपुट आहे का' हे स्पष्ट विचारावे.

संकेतस्थळांच्या बाबतीत अँड्रॉइडची अडचण वयाची आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून क्रोमची नवी आवृत्ती अँड्रॉइड १० पेक्षा जुन्या टॅबवर येत नाही. कुणी आपला जुना टॅब दान देत असेल तर आधी सेटिंगमध्ये आवृत्ती पाहावी. जुन्या ब्राउझरवर बँक, परीक्षा आणि सरकारी पोर्टल यांची पाने हळूहळू उघडेनाशी होतात, आणि ते सुरक्षितही नसते.

आयपॅड

सप्टेंबर २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ आल्यापासून आयपॅडवर पेनड्राइव्ह वाचता येतो आणि सफारी संकेतस्थळाची संगणकावरची आवृत्ती उघडते. हा मोठा फरक पडला. अपडेटही बरीच वर्षे मिळतात. पण मेमरी कार्डची जागा नाही, आणि २०२२ च्या दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडपासून हेडफोनची पिनही गेली. नवव्या पिढीला लाइटनिंग पिन, दहाव्या पिढीला टाइप-सी. त्यामुळे आधीचे अडॅप्टर पुढच्याला चालत नाहीत. पेन्सिलही मॉडेल पाहूनच घ्यावी लागते : नवव्या पिढीला फक्त पहिली ॲपल पेन्सिल चालते, दहाव्या पिढीला पहिली किंवा टाइप-सीची, आणि त्यातही पहिलीसाठी वेगळा अडॅप्टर लागतो.

आयपॅडवर क्रोम घेतले तरी आत सफारीचेच इंजिन असते. म्हणजे एखादे पान सफारीत अडले तर ब्राउझर बदलून फारसा उपयोग नाही. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारी यंत्रेही मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनलेली असतात. ज्या विद्यार्थ्याच्या आधारला मोबाइल जोडलेला नाही, त्याला ओटीपीऐवजी ठशांचाच आधार घ्यावा लागतो, हे अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

विंडोज टॅब

अर्ज, प्रिंट, टंकलेखन यांसाठी हा सर्वांत कमी अडवणारा. जुना यूएसबी प्रिंटर, स्कॅनर, ठशांचे यंत्र बहुधा चालते. अँड्रॉइडला तोच जुना प्रिंटर केबलने लावला तरी बहुधा छपाई होत नाही. वाय-फायचा प्रिंटर लागतो. मात्र एआरएम प्रोसेसरचा विंडोज टॅब असेल तर जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर चालतीलच याची खात्री नाही. सरफेससारख्या टॅबचा कीबोर्ड बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. सेकंडहँड घेताना विंडोज ११ चालते का ते पाहावे.

आपल्या वाचनासाठी

महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड पीडीएफमध्ये मिळतात. हे खंड जाडजूड आहेत. आठ इंची पडद्यावर पान सतत मोठे करावे लागते. दहा-अकरा इंची टॅब आणि मेमरी कार्ड असेल तर इंटरनेट नसतानाही वाचन होते.

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पाली तिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत संकेतस्थळावर ठेवले आहे. ते कोणत्याही चांगल्या ब्राउझरवर वाचता येते. त्याच संस्थेचे तिपिटकाचे संगणकावरचे सॉफ्टवेअर मात्र विंडोजसाठी आहे. जे संकेतस्थळावर आहे ते सगळ्यांना मिळते, जे एका प्रणालीत अडकले ते काहींनाच, याचे हे चांगले उदाहरण.

जुन्या मराठी फाइलींचेही तसेच. चळवळीची अनेक पत्रके, ठराव, स्मरणिका श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये पडून आहेत. ती वर्ड फाइल टॅबवर उघडली की अक्षरांऐवजी कचरा दिसतो. दोष टॅबचा नाही. मजकूर युनिकोडमध्ये नाही एवढेच. अशा फाइली संगणकावरून पीडीएफ करून घ्याव्यात, आणि नवे लेखन युनिकोडमध्येच करावे.

दुकानात करायची तपासणी

पैसे देण्यापूर्वी अर्धा तास काढावा. सोबत पेनड्राइव्ह, कीबोर्ड, वायरचा हेडफोन आणि एक अर्ज भरणारा विद्यार्थी न्यावा.

१. पेनड्राइव्हमधली पीडीएफ उघडून पाहावी.
२. कीबोर्ड लावून चार ओळी मराठीत टाइप कराव्यात.
३. महाडीबीटी, विद्यापीठ आणि आपण देणार असलेल्या परीक्षेचे पान उघडून लॉगिनपर्यंत जावे. शक्य असेल तिथे फाइल जोडून पाहावी.
४. प्रणालीची आवृत्ती आणि अपडेट किती वर्षे मिळणार ते विचारावे.
५. त्याच मॉडेलचे कव्हर, काच आणि चार्जर आपल्या तालुक्याच्या गावी मिळतो का ते पाहावे.
६. परीक्षा टॅबवर देता येते का, हे परीक्षेच्या सूचनेत वाचावे. 'सेफ एक्झाम ब्राउझर' मागणारी परीक्षा विंडोज किंवा आयपॅडवर देता येते, अँड्रॉइडवर नाही.

आमचा सल्ला असा : फक्त वाचन आणि व्याख्याने असतील तर मेमरी कार्ड, हेडफोनची पिन आणि मोठा पडदा असलेला अँड्रॉइड टॅब पुरे. अर्ज भरून देणे हे मुख्य काम असेल तर त्याच पैशात तीन टॅबऐवजी एक विंडोज यंत्र आणि एक प्रिंटर घ्यावा. आयपॅड चांगला आहे, पण त्याच्या जोडसामानाचा खर्च पेलणार असेल तरच.

शाहू महाराजांच्या कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. शिकणाऱ्या मुलाला फीशिवाय राहायला जागाही लागते, हे त्या काळात इथे ओळखले गेले. आज त्याच मुलाला वेळेत अर्ज पाठवता येणारे यंत्र लागते. वर्गणीची पावती फाडणाऱ्या प्रत्येकाचे दहा-वीस रुपये त्यात असतात. ते फोटो काढण्यापुरत्या टॅबवर जाऊ नयेत, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

जय भीम.