शहापूर-मुरबाड जलव्यवस्था

शहापूर-मुरबाड जलव्यवस्था : महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांतील पाणीयोजनांचा व त्यांमागील तंत्रविद्येचा इतिहास. विज्ञान-तंत्रविद्येची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण झाली, तरी तिचा लाभ स्थानिक जनतेस आपोआप मिळत नाही. त्यासाठी धोरणात तिचा समावेश असावा लागतो, हे या इतिहासावरून दिसून येते.

या भागात वार्षिक पर्जन्य सु. २५० सेंमी. आहे. तथापि तो मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पाणी तीव्र उतारांवरून भातसा, काळू इ. नद्यांवाटे उल्हास नदीस मिळते. कठीण बेसाल्ट खडकात भूजलसाठा अल्प असल्याने ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इत्यादींच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणीटंचाई निर्माण होते.

मुंबईसाठी तानसा नदीवर बांधलेले दगडी धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. त्याचे अभियंते डब्ल्यू. जे. बी. क्लार्क यांनी या कामाचा वृत्तांत लंडनच्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल एंजिनिअर्स’ या संस्थेपुढे मांडला. वैतरणा नदीवरील मोडकसागर जलाशय १९५७ मध्ये तयार झाला. जागतिक बँकेशी संलग्न अशा आंतरराष्ट्रीय विकास संस्थेने १९७३ मध्ये मुंबईच्या पाणीपुरवठा प्रकल्पास कर्ज दिले व त्यातून भातसा नदीचे पाणी शहरात नेण्याच्या योजनेस चालना मिळाली. ८८·५ मी. उंचीचे भातसा धरण १९८३ मध्ये पूर्ण झाले. मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा सु. निम्मा भाग या धरणातून होतो. मात्र शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे काम वनविषयक मंजुरीअभावी मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये थांबविले.

ग्रामीण गरजेतून उद्भवलेल्या देवाणघेवाणीचे उदाहरण महाराष्ट्रातच आढळते. जालना व सोलापूर येथे परदेशी मिशनशी संबंधित कार्यकर्त्यांनी विंधन विहिरींसाठी टिकाऊ हातपंप बनविले. त्यांपैकी सोलापूर पंपाच्या आधारे, युनिसेफच्या साहाय्याने, १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क–२’ हा पंप विकसित झाला. त्याचा प्रसार पुढे आफ्रिकेतही झाला. भूजलपातळी खालावल्यास मात्र हा पंपही निरुपयोगी ठरतो.

मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र (सितारा) स्थापन झाले. त्याच्या अभ्यासकांनी शहापूर, कर्जत इ. तालुक्यांतील नळयोजनांचे तांत्रिक परीक्षण केले. ग्रामीण नळजाळ्याच्या काटकसरी आखणीसाठी याच संस्थेत तयार झालेली ‘जलतंत्र’ ही संगणक-आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांना आपापल्या जिल्ह्यातील प्रश्नांशी जोडण्यासाठी राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले.

तानसा व भातसा येथे अभियांत्रिकीचे उद्दिष्ट शहराने ठरविले होते व ते साध्यही झाले. पाड्यांवरील टंचाई हा त्या तंत्रविद्येपुढे ठेवलेला प्रश्नच नव्हता. सर्वसमावेशक विज्ञानधोरणाचा आरंभ असा प्रश्न मांडण्यापासून होतो.